मांडवातला उजेड



घरातला लग्नाचा जुना अल्बम काढून बघा. नवरा-नवरीचे चेहरे पीठ फासल्यासारखे पांढरे, डोळे लाल आणि मागे मिट्ट काळोख. मांडव दिसत नाही, दिव्यांच्या माळा दिसत नाहीत, शेजारची करवली अर्धी अंधारात. असा एखादा तरी फोटो त्यात सापडेलच. जव्हार-मोखाड्याकडे तर बरेच सापडतील. आमच्याकडे हळदीची रात्र पहाटेपर्यंत जागते, अंगणापलीकडे लगेच जंगल सुरू होते आणि फ्लॅशचा उजेड त्या जंगलापर्यंत कधीच पोचत नाही.

तो का पोचत नाही, हे आधी पाहू. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने मंदावतो. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा राहत नाही, चौथा हिस्सा राहतो. नवरी दोन मीटरवर आणि तिची आजी चार मीटरवर असेल, तर नवरीला मिळालेल्या उजेडाचा एक चतुर्थांश आजीच्या वाट्याला येतो. आठ मीटरवरच्या वाजंत्र्यांना सोळावा हिस्सा. नवरीपुरता उजेड बरोबर धरला की बाकी सगळे वऱ्हाड काळोखात गेलेच म्हणून समजा.

यावर अनुभवी फोटोग्राफर एक साधी गोष्ट करतात. फ्लॅशची चमक साधारण सेकंदाचा हजारावा भाग, बहुतेक वेळा त्याहूनही कमी टिकते. त्यामुळे शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतके उघडा किंवा पंचविसाव्या भागाइतके, चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. मांडवातल्या बल्बांचा उजेड मात्र शटर उघडे असेपर्यंत आत येत राहतो. दोनशेव्या भागावरून पंचविसाव्या भागावर आलात की तो आठपट येतो. माळा दिसू लागतात, मागची माणसे दिसू लागतात, मांडवाला छत होते हेही कळते. नाचणाऱ्यांचे हातपाय थोडे फरफटलेले दिसतील, पण मला ते आवडतात. नाचाचा फोटो नाचल्यासारखा दिसायला काय हरकत आहे?

इथे रंगाचा घोटाळा होतो. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उन्हासारखा, सुमारे साडेपाच हजार केल्विनचा. जुन्या पिवळ्या बल्बचा सत्तावीसशेच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की नवरी निळसर-पांढरी आणि मांडव केशरी. नाटकवाले दिव्यांपुढे लावतात तसला नारिंगी जिलेटिन कागदाचा तुकडा फ्लॅशपुढे लावला की दोघांचे जमते. हा कागद अगदी स्वस्त असतो आणि तरीही बहुतेकांच्या बॅगेत नसतो.

आता दिशेविषयी, कारण खरी मेख तिथे आहे. समोरून आलेला उजेड चेहरा सपाट करतो. नाकाची धार, गालाचा उंचवटा, कपाळावरच्या मुंडावळ्या, सगळे एकाच पातळीवर येते. बाशिंगाच्या चमकीवरून आणि चष्म्याच्या काचेवरून तोच उजेड परत लेन्समध्ये शिरतो, आणि हळदीचे तेल लागलेल्या कपाळावर पांढरा डाग उमटतो. शहरातल्या हॉलमध्ये फ्लॅशचे डोके वर करून पांढऱ्या छतावर उजेड मारतात, तो पसरून खाली येतो. आमच्या मांडवाला पांढरे छत कुठले? कापडी मांडव असेल तर लाल-निळ्या कापडाचा रंग नवरीच्या तोंडावर उतरतो. फांद्या-पानांचा मांडव असेल तर उजेड पानांतच जिरतो. अशा वेळी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढावा, डोक्याच्या वरच्या उंचीवर मांडवाच्या खांबाला बांधावा, पुढे छत्री किंवा साधे पांढरे कापड लावावे आणि कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरने दुरून उडवावा. समोरासमोरच्या कोपऱ्यांत असे दोन फ्लॅश असले की एक चेहरा उजळतो आणि दुसरा पाठीमागून केसांना, पदराला कड देतो. अक्षता टाकण्याच्या क्षणी हा मागचा फ्लॅश सोने आहे. तांदळाचा दाणा न् दाणा हवेत थांबलेला दिसतो. समोरच्या फ्लॅशने तेच दाणे लेन्सजवळ येऊन पांढरे गोळे होतात आणि नवरदेवाचे नाक झाकतात.

अंतरपाट धरलेल्या लग्नात आणखी एक गंमत असते. पांढरा अंतरपाट वधू-वरांच्या चेहऱ्यांपासून हातभर अंतरावर असतो. बाजूच्या फ्लॅशचा उजेड त्यावर आपटून मऊ होऊन चेहऱ्यावर परततो, आणि मंगलाष्टके चालू असतात तोवर फोटो सुरेख येतात. पण फ्लॅश आपोआप मोजमाप करणाऱ्या पद्धतीवर ठेवलेला असेल, तर एवढे पांढरे कापड पाहून तो फसतो आणि उजेड कमी सोडतो. शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट दूर झाला की परतणारा उजेड गेला, मागे काळोख आला, आणि तोच फ्लॅश आता भरमसाट उजेड ओततो. म्हणून जाणकार माणूस आधीच हाताने ताकद ठरवून ठेवतो, आणि तीही पूर्ण नाही, पाव. पूर्ण ताकदीने उडवलेल्या फ्लॅशला पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात. हार घालायला एवढा वेळ कोणी थांबत नाही.

जुन्या फोटोग्राफरांची तर याहून पंचाईत होती. १८८७ साली जर्मनीत मिथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची उजेड देणारी पूड तयार केली, तेव्हा एका भडक्यात फोटो निघे आणि खोलीभर धूर होई. पुढे बल्ब आले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या पिढीने असे फ्लॅशबल्ब वापरले. एका बल्बला एकच फोटो, मग बल्ब फेकून द्यायचा. त्यामुळे ती माणसे आधी बघत आणि मग बटण दाबत.

बाजूने उजेड द्यायची अक्कल आमच्या भागाला नवी नाही. मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, ज्यांनी पाहिला आहे त्यांनी आठवावे. रात्री सोंग नाचत येते तेव्हा टेंभेवाले त्याच्या बरोबरीने चालतात. टेंभा सोंगाच्या बाजूला, जरा पुढे-मागे. म्हणूनच लाकडी मुखवट्याचे डोळे, दात, भुवया खोल दिसतात. तो टेंभेवाला लाइटमनच की. त्याच्या सोंगावर कोणी समोरून फ्लॅश मारला की मुखवटा रंगवलेल्या फळीवर येतो.

लग्नघरातल्या चौकाचेही तेच आहे. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा आणि गेरूचा हात. असली भिंत उजेड पिऊन टाकते. समोरून फ्लॅश मारला तर पांढऱ्या रेघा भगभगीत आणि गेरू विटलेला दिसतो. तोच दिवा भिंतीला जवळजवळ घासून, एका कडेने दिला तर पिठाच्या रेघेची जाडी दिसते, लिहिणारीचे बोट कुठे थांबले तेही दिसते. आणि चौकापुढे बसून गाणारी धवलेरी! लग्न लावते ती, पण अल्बममध्ये तिचा एखादा पाठमोरा फोटो असतो. तिच्या गाण्याच्या वेळी फ्लॅश बंदच ठेवावा असे माझे मत आहे. आजच्या कॅमेऱ्यांना दिव्याचा उजेड पुरतो. चौकाचा फोटो घरच्यांना विचारूनच काढावा, हे सांगायची वेळ येऊ नये.

व्हिडिओवाल्याशी आधी बोलून घ्यावे लागते. पूर्वी त्याच्याकडे हजार वॅटची सनगन असे. नवरदेव घामाघूम व्हायचा. आता एलईडी पॅनेल आले, उष्णता गेली, पण तो ते तोंडासमोरच धरतो आणि बाजूने लावलेल्या आपल्या उजेडावर पाणी फिरवतो. डीजेच्या लेझरपासून मात्र जपा. तो किरण थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

उजेडाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे फोटोत आपण कसे दिसावे हे कोण ठरवते. जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२ साली, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. पुढे कितीतरी वर्षे या भागात कॅमेरा आला तो बाहेरच्या माणसाच्या खांद्यावर आणि भूक टिपायला. ते टिपणे गरजेचे होते, त्याबद्दल वाद नाही. लग्नाचा फोटो मात्र वांगणीच्या माणसाने स्वतः पैसे मोजून काढून घेतलेला असतो, आपण कसे दिसावे हे स्वतः ठरवून. आणि इथेच आमच्या धंद्यातले लोक माती खातात. “गोरा करून देतो” हे आमचे आवडते वाक्य. फ्लॅश वाढवायचा, मग कॉम्प्युटरवर चेहरा आणखी उजळायचा, की हात एका रंगाचे आणि तोंड दुसऱ्याच. सावळ्या चेहऱ्यासाठी उजेड नीट मोजावा लागतो, पांढऱ्या शर्टावरून नाही तर गालावरून. बाजूने मऊ उजेड दिला की सावळ्या कातडीवर जी झळाळी येते ती गोऱ्या कातडीवर येत नाही. गोरा केलेला फोटो हे मी वाईट काम समजतो. गिऱ्हाइकाने मागितले होते, ही सबब मला पटत नाही.

जव्हार-मोखाड्यात कॅमेरा घेऊन लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगतो: नवी लेन्स नंतर घ्या, आधी दुसरा फ्लॅश, एक ट्रिगर आणि दोन पांढरी कापडे घ्या. लग्नघरी दिवसाउजेडी जाऊन मांडव बघून या. आणि श्रोतेहो, तुमच्या घरी लग्न असेल तर ऑर्डर देताना फोटोग्राफरला दोन गोष्टी बजावून सांगा. आमची माणसे आहेत त्याच रंगाची दिसली पाहिजेत, आणि धवलेरीचा फोटो समोरून हवा.