नरनाळ्यावर लग्न? आधी ३० दिवसांचं गणित

मोर्णेच्या काठावरून, जुन्या शहरातून बोलतोय. आजचा बेत असा: मांडव नाही, डीजे नाही. तुम्ही दोघं, तीन-चार दोस्त आणि नरनाळा.

पळून लग्न म्हणा ना सरळ! वऱ्हाडाला ते काय नवीन आहे? कौंडण्यपूरच्या रुक्मिणीनं स्वतः निरोप धाडला आणि कृष्णानं तिला अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं, असं आपल्याकडे सांगतातच.

पण रुक्मिणीला नोटीस द्यावी लागली नव्हती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग नोटीस ऑफिसात लागते, हरकतींसाठी आणखी ३० दिवस. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर प्रत तिकडेही जाते. म्हणजे गुपचूप काही राहत नाही. घरून जिवाला धोका असेल तर हेच दिवस सगळ्यात अवघड. वकील आणि राहायची सुरक्षित जागा आधी बघा, फोटोग्राफर नंतर. आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

साक्षीदार तीन. जास्तीची फी भरली तर ऑफिसबाहेरही लग्न लावता येतं, पण वाजवी अंतरातच. माझं मत विचाराल तर सह्या अकोल्यात, हार गडावर. गड मेळघाटच्या जंगलात आहे, त्यामुळे वनखात्याला आधी विचारा. स्पीकर-फटाके घरीच ठेवा, अंधाराआधी खाली उतरा. वाघ काही आहेर घेऊन येत नाही, बाप्पा!