मालक गेल्यावर



तंजावरचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. पोटी मुलगा नव्हता आणि कंपनी सरकारला तेवढं निमित्त पुरेसं होतं. राज्यकारभार तर १७९९ च्या तहातच त्यांचे वडील सरफोजी यांच्या हातून कंपनीकडे गेला होता. उरला होता किल्ला, वाडा आणि राजा ही पदवी. आता पदवी गेली आणि वाड्यातल्या खासगी चीजवस्तूंवरही सरकारी मोहरा लागल्या. राणी कामाक्षीबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, तिथं निकाल आपल्या बाजूनं मिळवला. कंपनीनं प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे नेलं आणि १८५९ साली तिथून उत्तर आलं की हा राजकीय निर्णय आहे, त्यात कोर्टाला हात घालता येत नाही. कोर्टापुरतं प्रकरण मिटलं.

आता, आज मला बोलायला सांगितलंय ते फुटबॉलवर. इंग्लंडातल्या छोट्या गावांचे क्लब आणि आपल्याकडचे क्लब, असा विषय. मग तंजावर कुठून आलं? तर फुटबॉल क्लब म्हटलं की मला पहिल्यांदा पडतो तो प्रश्न असा, की मालक गेला तर मागं काय राहतं? आणि हा प्रश्न तंजावरइतका स्वच्छ दुसरीकडे मांडलेला मी पाहिला नाही.

सरफोजी महाराज श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले. युरोपातून आलेल्या वस्तूंचं त्यांना भारी अप्रूप. वाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली त्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत छापून काढल्या, 'बालबोधमुक्तावली' या नावानं. मुंबई-पुण्याला मराठी पुस्तकं छापली जात नव्हती तेव्हाची ही गोष्ट. दरबारात विलायती वाद्यांचा बँड होता. व्हायोलिनही याच काळात दक्षिणेकडच्या गवयांच्या हाती लागलं. दरबारात नाच-गाण्याची विद्या सांभाळणारे चार भाऊ होते, तंजावर चौकडी म्हणून आजही ओळखले जातात. त्यांतल्या धाकट्या वडिवेलूनं हे वाद्य असं काही आत्मसात केलं, की पुढं त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिलं.

या वाद्याचं इथं काय झालं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. विलायतेत ते उभ्यानं, हनुवटीखाली धरून वाजवायचं. इथं वाजवणारा मांडी घालून बसला. वाद्याचं एक टोक छातीखांद्याशी टेकलं, दुसरं उजव्या पावलावर उतरलं, आणि डावा हात मोकळा झाला, तारेवरून हवा तसा घसरायला. तारा लावायची रीतही बदलली. १८५५ साली वाड्याला मोहरा लागल्या तेव्हा हे व्हायोलिन वाड्यात नव्हतंच मुळी. ते वाजवणाऱ्यांच्या घरी गेलं होतं, देवळांच्या उत्सवांत गेलं होतं. छापखाना वाड्याचा होता, तो टिकला नाही. सरस्वती महाल या वाड्यातल्या ग्रंथालयातल्या पोथ्या बचावल्या, पण लोकांसाठी ते दार उघडायला १९१८ साल उजाडावं लागलं.

फुटबॉल मात्र तंजावरच्या दरबारानं पाहिलाच नाही. राजे वारले त्यानंतर बरोबर आठ वर्षांनी, ऑक्टोबर १८६३ मध्ये, लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये दहाबारा क्लबांची माणसं जमली आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. हातानं चेंडू धरायचा की नाही, समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची की नाही, यावर महिनाभर भांडणं झाली आणि खेळाचे नियम ठरले. नियम करणारी ही बहुतेक बड्या शाळांतून शिकलेली, खात्यापित्या घरची मंडळी होती. पण पुढच्या वीस वर्षांत खेळ त्यांच्या हातून निसटला आणि उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावांत गेला.

त्यांतलं एक गाव बरी. तेव्हाच्या लँकशायरमधलं, मँचेस्टरच्या वरच्या अंगाला, कापडाच्या धंद्यावर वाढलेलं. धावत्या धोट्याचा जनक जॉन के याच भागातला. त्या धोट्यानं पुढं आपल्या विणकरांचं काय केलं हा वेगळ्या भाषणाचा विषय. तर या बरीत १८८५ साली दोन चर्चच्या मंडळींचे संघ एकत्र आले आणि एका हॉटेलात बसून त्यांनी बरी फुटबॉल क्लब काढला. गिग लेनवर मैदान घेतलं. १८९४ साली क्लब लीगमध्ये दाखल झाला. १९०० साली या गावानं एफए कप जिंकला, १९०३ साली पुन्हा जिंकला, आणि दुसऱ्या खेपेला अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला सहा शून्यानं झोपवलं. शंभराहून अधिक वर्षं कुणाला अंतिम सामन्यात एवढ्या फरकानं जिंकता आलं नाही. शेवटी २०१९ च्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीनं वॉटफर्डवर सहा शून्य करून बरोबरी साधली. म्हणजे बरीच्या शेजारच्या शहराच्या क्लबानं, अरबस्तानातल्या पैशाच्या जोरावर.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरीला लीगमधून काढून टाकलं.

कर्ज डोक्यावर, खेळाडूंचे पगार थकलेले. क्लब आदल्या वर्षीच अवघ्या एका पौंडाला विकला गेला होता. एक पौंड म्हणजे तेव्हाचे आपले नव्वद रुपये! नव्या मालकाला देणी भागवता येतील याचा पुरावा देता आला नाही. सव्वाशे वर्षं लीगमध्ये असलेला क्लब एका संध्याकाळी यादीतून खोडला गेला. बायकापोरं गिग लेनच्या फाटकाशी उभी राहून रडली. त्याच्या जरा आधीच क्लबनं मदत मागितली तेव्हा हीच माणसं झाडू-फडकी घेऊन मैदान साफ करायला धावली होती, कारण पुढचा सामना होणार अशी सगळ्यांना आशा होती.

हे मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा आमच्या कोल्हापुरात असं होईल का, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. आणि उत्तर आलं, नाही. होणार नाही. विकायचं ठरवलं तरी विकणार कोण?

कोल्हापूरच्या भोसल्यांची गादी तंजावरपेक्षा जास्त टिकली. संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्यामुळं विलायती खेळ इथं पोचले तेव्हा त्यांना राजाश्रय मिळाला. पण आधी तालीम होती. शाहू महाराजांना कुस्तीचं वेड. १९१२ साली त्यांनी खासबाग मैदान बांधलं, आजही त्याच्या तोडीचं कुस्तीचं मैदान दाखवा म्हणावं. शहरात पेठेपेठेला तालीम. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौद नव्हे. तिथं मारुती असतो, गणपती बसतो, कितीतरी तालमींत मोहरमचा पंजाही बसतो. दोन्ही सण एकाच वेळी आले तर दोघेही एका मांडवात शेजारी असतात आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. भांडण मिटवायचं तर तालमीत, लग्नाला माणसं हवीत तर तालमीतून, पूर आला तर पहिली दोरी तालमीची.

राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आम्ही सगळे केएसए म्हणतो. खेळाला शिस्त, लीग, पंच हे तिच्याकडून आलं. पण संघ कुणी पुरवले? तालमींनी. म्हणून आमच्या लीगचा तक्ता वाचताना बाहेरच्या माणसाची भंबेरी उडते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, आणि माझं सगळ्यात लाडकं नाव, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. मध्येच प्रॅक्टिस क्लब नावाचा एक साहेबी पाहुणा. मँचेस्टर युनायटेड रेल्वे कामगारांतून निघाला, एव्हर्टन चर्चमधून निघाला, तसे आमच्याकडे संघ मारुतीच्या पारावरून निघाले. पहिलवानकीच्या घरात हा पायाचा खेळ राहायला आला आणि घरचाच होऊन गेला.

शाहू स्टेडियमवर एकदा जाऊन बघावं. जिथं आज मैदान आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं, ते बुजवून स्टेडियम झालं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम. दुपारी ऐन उन्हात पहिला सामना सुरू होतो, चारला दुसरा. तेवढ्या वेळेत मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ अर्धी रिकामी होते. गॅलरीत कुठल्या पेठेनं कुठं बसायचं हे ठरलेलं असतं आणि ते कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. हलगी कडाडते. पाठीराख्यांत सत्तरीचे आजोबा असतात, धोतराचा सोगा हातात धरून बसलेले, आणि बॅकला बॉल क्लिअर करायला उशीर झाला की तेच पहिल्यांदा उठतात. "आरं मार की लांब! खेळवत काय बसलाईस?" शेजारी नातू बसलेला. तो खेळाडू आजोबांच्याच गल्लीतला असतो, रात्री दुधाच्या कट्ट्यावर त्यांच्यासमोर उभा राहणार असतो. प्रेक्षकाला जाब विचारायला मालकाच्या कचेरीत जावं लागत नाही.

आमच्याकडे एक शब्द फार चालतो, ईर्षा. कोल्हापुरात ईर्षेनं कुस्ती होते, ईर्षेनं गणपतीची मिरवणूक निघते. फुटबॉलही ईर्षेवरच चालतो. वर्ल्ड कप आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाची भांडणं पेठांत वाटून घेतली जातात, चौकाचौकात मेस्सी-नेमारचे मजल्याएवढे कटआउट लागतात. ते बघायला मौज वाटते. पण याच ईर्षेपायी मैदानावर दगड पडलेत, सामने अर्ध्यावर थांबलेत, स्पर्धा बंद ठेवाव्या लागल्यात. "आमच्यात रग आहे" असं म्हणून त्यावर पांघरूण घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. रग असणं वेगळं आणि पंचाच्या अंगावर धावून जाणं वेगळं.

आता याच्या उलटं उदाहरण मुंबईचं. महिंद्रा युनायटेड आठवतो? कंपनीचा संघ, पैशाला तोटा नाही, देशभरातून आणि परदेशातून आणलेले खेळाडू. २००६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. चार वर्षांनी, २०१० साली, कंपनीनं ठरवलं आणि संघ बंद. १८९१ पासून चालत आलेला मुंबईचा रोव्हर्स कपही नव्या शतकाच्या तोंडाशी थंडावला. कुठल्या मोहल्ल्यात सुतक पाळलं गेलं असेल असं मला वाटत नाही, कारण संघ कुठल्या मोहल्ल्याचा नव्हताच.

पण तालमीची आरती ओवाळून मी थांबलो तर ते अर्धवट बोलणं होईल. तालीम खेळ टिकवते. खेळाडू घडवण्यात ती कमी पडते. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. साऱ्या शहराला अभिमान वाटला. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. लहान वयात पेठेतून बाहेर पडला म्हणून पुढं गेला. इथं राहिला असता तर सहा महिने चषकांच्या स्पर्धा आणि सहा महिने त्यांच्या गप्पा, यांत अडकला असता. पोराला लीगमध्ये उतरवण्याची आम्हाला फार घाई, आणि त्याला चेंडू नीट थांबवायला शिकवणाऱ्या माणसाला मानधन द्यायचं म्हटलं की सगळे खिसे चाचपतात.

शिवाय मालक मागच्या दारानं येतोच आहे. स्पर्धांना पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या वाडवडिलांच्या नावाचे चषक असतात, बक्षिसाची रक्कम वाढत जाते, मग ती जिंकायला खेळाडू पळवापळवी, मग नायजेरियाहून आणलेले खेळाडू. त्यांतले काही पेठेत इतके रमले की कोल्हापुरी शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या देऊ लागले. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तालमीनं वर्गणी काढून जर्सी घेण्याचे दिवस जाऊन जर्सीवर कुणाचा फोटो छापायचा याची चर्चा सुरू झाली, की सावध व्हावं. ज्याचा फोटो त्याचा संघ, आणि निवडणूक झाली की फोटो बदलतो.

बरीचं पुढं काय झालं? पाठीराख्यांनी त्याच वर्षी आपला आपण नवा क्लब काढला आणि बऱ्याच खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. दुसऱ्या गटानं वर्गणी आणि सरकारी मदत जमवून गिग लेनचं मैदान परत मिळवलं. दोन्ही गटांचं आपसात पटेना, म्हणजे अगदी आपल्यासारखंच! शेवटी २०२३ साली मतदान घेऊन ते एक झाले आणि गिग लेनवर पुन्हा सामने सुरू झाले. आता तिथं सभासदाला मत आहे. एफए कप दोनदा जिंकलेल्या गावाला हे शहाणपण यायला एक पौंड आणि चार वर्षं खर्ची पडली.

आमच्या केएसएची नवीन हंगामाची खेळाडू नोंदणी पावसाळा सरला की सुरू होईल. कुणी कुणाला फोडलं याच्या बातम्या येतील, रुसवेफुगवे होतील. मग लीग. बाहेरगावच्या श्रोत्यांनी त्या दिवसांत जरूर यावं, अंबाबाईचं दर्शन घ्यावं आणि दुपारचा सामना बघावा. फक्त गॅलरीत शिरताना "मी कुणाच्याच बाजूचा नाही" असं सांगू नये. तशांसाठी तिथं जागा ठेवलेली नाही.