गाण्यामागचे बोलणे

गेल्या हिवाळ्यात किनवटहून आदिलाबादला जाणाऱ्या आगगाडीत माझ्या समोरच्या बाकावर एक तरुण बसला होता. त्याच्या कानांत इअरफोन होते आणि दृष्टी खिडकीबाहेरच्या कापसाच्या शेतांवर होती; परंतु मान काही डोलत नव्हती. गाणे ऐकणारा मनुष्य बोटाने का होईना, पण ताल धरतोच. हा तर गुरुजींचा पाठ ऐकावा तसा स्तब्ध होता. न राहवून मी विचारले, "काय ऐकतो आहेस, बाळ?" त्याने एका कानातले यंत्र काढले आणि तेलुगूची किंचित छटा असलेल्या मराठीत तो म्हणाला, "गाणं नाही काका, गाण्यावरचं बोलणं ऐकतोय."

कोणी एक अमेरिकन रॉक गायक आपल्या गिटारच्या तारा अमुक गाण्यासाठी नेहमीपेक्षा खाली का उतरवल्या, हे सांगत होता. मुलाने ते सारे मला उत्साहाने समजावून दिले. मग थोडा थांबून तो म्हणाला, "आमच्या घरी आजोबांची किकरी खुंटीला टांगलेली आहे. तिच्या तीन तारा कशा लावायच्या, ते मात्र मला ठाऊक नाही. आजोबा गेले. मी कधी विचारलंच नाही."

आज मला जे सांगावयाचे आहे, ते त्या मुलाच्या या शेवटच्या वाक्यातून निघाले आहे.

प्रथम हे 'गाण्यावरचे बोलणे' म्हणजे काय ते पाहू. त्याला पॉडकास्ट म्हणतात. आयपॉड हे खिशातले वाद्ययंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रक्षेपण, या दोन शब्दांची सांधजोड करून २००४ साली एका ब्रिटिश पत्रकाराने हा शब्द प्रथम लिहिला. नभोवाणीचे भाषण ठरलेल्या वेळी येते आणि ती वेळ चुकली की हवेत विरून जाते. पॉडकास्टचे तसे नाही. ध्वनिमुद्रण संगणकावर ठेवलेले असते. एकदा वर्गणीदारासारखे नाव नोंदवले की प्रत्येक नवा भाग श्रोत्याच्या यंत्रात आपोआप येऊन पडतो. तो रात्री ऐका, गाडीत ऐका, दहा वर्षांनी ऐका. त्यासाठी ना प्रक्षेपणाचा मनोरा लागतो, ना परवाना. एक ध्वनिग्राहक, एक शांत खोली आणि विचारण्याजोगे प्रश्न एवढ्यावर काम भागते.

या सोयीचा लाभ ज्यांनी आधी ओळखला, त्यांत स्वतंत्र रॉक संगीतकार होते. 'स्वतंत्र' याचा अर्थ येथे व्यवहारी आहे: मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी बांधलेला नसलेला, आपले गाणे आपल्या खर्चाने मुद्रित करणारा आणि त्यामुळे त्या मुद्रणाचा बहुधा स्वतःच धनी असलेला कलावंत. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद उभा राहिला. पुढे त्याचेच नाव 'इंडस क्रीड' झाले. १९८६ साली 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे तर या संगीताचे जणू माहेरच होते. तरुण मुले तेथे रात्र-रात्र उभी राहून ऐकत. परंतु आपल्याकडे लोकप्रिय गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे, असा दंडक असल्याने त्या कलावंतांना मैफल मिळाली तरी बोलावयास जागा मिळाली नाही. गाणे कसे सुचले, कोणत्या अडचणीतून तयार झाले, हे विचारणारा कोणी नव्हता.

ती उणीव भरून काढण्याचे काम २०१५ साली सुरू झालेल्या 'मेड इन इंडिया' या पॉडकास्टने केले. त्याच्या सूत्रधार मे मरियम थॉमस. त्यांचे 'मे' हे नाव शीर्षकात खुबीने गुंफलेले आहे. भारतातील एखाद्या स्वतंत्र कलावंताला बोलावून त्याच्याशी निवांत गप्पा मारावयाच्या आणि तेथेच त्याच्याकडून त्याची गाणी खास श्रोत्यांसाठी वाजवून घ्यावयाची, अशी त्याची साधी रीत.

त्याच्याही आधी, जानेवारी २०१४ मध्ये, अमेरिकेत 'साँग एक्स्प्लोडर' ही मालिका सुरू झाली. तिच्या कर्त्याचे नाव आपल्या कानाला परके वाटणार नाही: हृषीकेश हिरवे. हे स्वतः 'द वन एएम रेडिओ' या नावाने गाणी रचणारे स्वतंत्र संगीतकार. गाण्यातील गिटार, ढोल, कंठ हे सारे निरनिराळे मुद्रित झालेले असतात, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. त्यांनी कलावंतांकडून ते सुटे भाग मागून घेतले. मग केवळ ढोल ऐकवावा, त्यावर कलावंताचे दोन शब्द. मग एकटा कंठ, पुन्हा दोन शब्द. आणि सर्वांत शेवटी अखंड गाणे. विशेष असे की, हिरवे स्वतःचे प्रश्न बहुतेक कापून टाकतात. श्रोत्याला उरतो तो कलावंताचा आवाज. विचारणाऱ्याने आपण बाजूला सरावे, हा विनय मुलाखतीच्या कलेत दुर्मीळ आहे. २०२० साली या मालिकेचे दूरचित्रणही झाले.

सुटे भाग मागता आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गाणे ज्याच्या मालकीचे, त्याचीच अनुमती हवी. जो कलावंत स्वतःच्या मुद्रणाचा धनी आहे, तो ते तत्काळ देऊ शकतो. स्वतंत्र संगीत आणि पॉडकास्ट यांची मैत्री जमली, तिच्या मुळाशी हे एक व्यवहारी कारण आहे.

दुसरा प्रकार अल्बमवरील चर्चेचा. १९४८ साली मिनिटाला तेहेतीस फेरे घेणारी दीर्घ तबकडी आली आणि गाण्यांचा संग्रह ही एक सलग रचना होऊ लागली. 'पिंक फ्लॉइड' या इंग्लिश वृंदाच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मध्ये एक गाणे संपून दुसरे कोठे सुरू होते, हे पुष्कळदा कळतही नाही. कवितासंग्रहातील कवितांचा क्रम जसा कवीने योजलेला असतो, तसेच हे. आज भ्रमणध्वनीवर एकेक गाणे सुटे ऐकले जाते आणि तो क्रम मोडतो. अल्बम पुढे ठेवून तासभर बोलणारी माणसे ती तुटलेली माळ पुन्हा ओवून देतात.

आपल्याकडचेच एक उदाहरण घ्या. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या वृंदाचा 'कंदीसा' हा अल्बम २००० साली निघाला. त्यातील शीर्षकगीताचे शब्द केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतल्या प्राचीन प्रार्थनेचे आहेत. आणि त्यातच 'मा रेवा' हे नर्मदामाईचे गाणे आहे. या वृंदातील राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेचे हे गाणे शहरांतील हजारो तरुणांना आज तोंडपाठ आहे. ते नदीकाठच्या लोकांचे आहे, हे मात्र गाण्याविषयी कोणी बोलले तरच त्यांना समजते. गाणे एकटे पुष्कळ लांब प्रवास करते. पण आपला पत्ता बरोबर नेत नाही. तो पत्ता बोलण्यातून जपला जातो.

येथे मला पुन्हा आदिलाबादकडे वळावयाचे आहे. या जिल्ह्याचे आपल्याशी जुने नाते आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आजही मराठी बोलली जाते. येथील परधान हे राजगोंडांचे वंशपरंपरागत भाट. गोंडांच्या कुळांच्या उत्पत्तिकथा आणि पूर्वजांच्या पराक्रमगाथा किकरीच्या साथीवर गाणे, हा त्यांचा मान आणि हीच त्यांची वृत्ती. पेर्सा पेनच्या पूजेला परधानावाचून चालत नाही. किकरी म्हणजे तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे वाद्य. आणि आश्चर्य असे की, या भागातील परधानांची घरची भाषा परंपरेने मराठी. गातात मात्र ते गोंडीत! घरी एका भाषेत लहानाचा मोठा होणारा मुलगा दुसऱ्या भाषेतील दीर्घ गाथा कशी मुखोद्गत करतो, याहून मोठा प्रश्न कोणत्या मुलाखतकाराला हवा?

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४०नंतरच्या दशकात मार्लवाई गावी राहिले आणि 'आदिलाबादचे राजगोंड' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ग्रंथात विद्वान बोलतो. गाणारा स्वतः आपल्या गाण्याविषयी काय म्हणतो, कोठे श्वास घेतो, कोणती ओळ त्याला अवघड जाते, हे कागदावर उतरत नाही. त्याच मार्लवाईचे गुस्साडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. मोरपिसांचा मुकुट ल्यालेले त्यांचे छायाचित्र आपण अनेकांनी पाहिले असेल. त्यांचा आवाज आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे?

कोणी म्हणेल, कोठे विजेची गिटार आणि कोठे किकरी! रॉक संगीतकाराला आपल्या गाण्याचा प्रचार हवा असतो. परधानाच्या गाथा धर्मविधीच्या. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच काही पथ्ये पाळावी लागतील. जी गाथा विशिष्ट कुळासमोर, विशिष्ट वेळीच गावयाची, ती मुद्रित करावी की नाही, हे त्या कुळाने आणि त्या गायकाने ठरवावे. त्याचे नाव आणि मोबदला अगोदर ठरवावा. मुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी राहावी. स्वतंत्र संगीतकाराला आपल्या गाण्यावर जो अधिकार आहे, तोच त्यालाही असावयास हवा.

एवढे पाळले तर बाकी रीत उचलण्यासारखी आहे. एक तार निराळी वाजवून दाखवा, असे म्हणावे. मग दुसरी, मग तिसरी. मग वाद्यावाचून नुसता शब्द. गुरू कोण, पहिल्यांदा एकट्याने कधी गायलात, चूक झाली तेव्हा काय झाले, हे विचारावे आणि गप्प बसावे. शेवटी अखंड गाणे. घरातला भ्रमणध्वनी या कामाला पुरतो. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर गोधडी टांगली की झाले. मुलाखत मराठीत होऊ शकेल, हे तर आपले भाग्यच. येथे दुभाष्याचीही गरज नाही.

आदिलाबाद स्थानकावर उतरताना मी त्या मुलाला विचारले, "गावात किकरी वाजवणारं आता कोणी उरलंय का?" तो म्हणाला, "आहेत एक म्हातारे. शेजारच्या गावात राहतात. बोलतात फार." मी म्हटले, "मग उद्याच जा. तो गिटारवाला दहा वर्षांनीसुद्धा तुझ्या यंत्रात असाच बोलत राहील. या आजोबांचं तसं नाही."

तो गेला की नाही, हे मला माहीत नाही. परंतु श्रोतेहो, आपल्याही गावात असे कोणी बोलके म्हातारे असतील. हे भाषण संपल्यावर त्यांच्याकडे जाण्यास पुरेसा वेळ आहे.