आठवड्याची सुई आणि आपली पंगत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाशीम येथे केलेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याचे काम मंडळाच्या चिटणिसांनी आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आमची सारी नोकरी या जिल्ह्यातील मुलांना अक्षरे गिरवावयास लावण्यात व पाढे म्हणवून घेण्यात गेली. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलावे अशी आमची योग्यता नाही. परंतु एखादी गोष्ट आधी स्वतः नीट समजून घ्यावी आणि समजली तेवढीच सोपी करून सांगावी, हा शिक्षकाचा धर्म आहे, आणि तो सेवानिवृत्तीबरोबर संपत नाही.

आमचा विषय आहे मधुमेहावर व स्थूलपणावर आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची सुई. रिसोड असो, कारंजा असो की मंगरूळपीर असो, चार माणसे जमली की हल्ली या सुईची गोष्ट निघते. कोणी तिला संजीवनी म्हणतो, कोणी श्रीमंतांचे चोचले म्हणतो, तर कोणी ती घेतो पण शेजाऱ्यास कळू देत नाही. आमच्या मते ती संजीवनीही नव्हे आणि चोचलाही नव्हे. ते एक औषध आहे. आणि ते घेणाऱ्यास जितकी डॉक्टरांची गरज आहे, तितकीच घरच्या माणसांच्या समजूतदारपणाची आहे. हेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे औषध म्हणजे काय ते पाहू. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला आणि मधुमेह्यांना जीवदान मिळाले. परंतु आज आपण जिच्याविषयी बोलत आहो, ती सुई म्हणजे इन्शुलिन नव्हे. आपण जेवलो की आतड्यातून एक स्राव रक्तात उतरतो. त्यास जीएलपी-१ असे नाव आहे. तो स्वादुपिंडास इन्शुलिन सोडण्याची वर्दी देतो, जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंद करतो, आणि मेंदूस 'आता पुरे' असे सांगतो. घरातील शहाण्या वडीलधाऱ्याचेच हे काम म्हणा ना! मात्र हा नैसर्गिक स्राव काही मिनिटांतच नाहीसा होतो. त्याच्याप्रमाणे काम करणारे, परंतु कित्येक दिवस टिकणारे पदार्थ शास्त्रज्ञांनी तयार केले. म्हणून ही सुई आठवड्यातून एकदा पुरते. सेमाग्लुटाइड हे असे एक औषध होय. टिर्झेपाटाइड हे दुसरे. ते आतड्यांतील अशा दोन स्रावांचे काम करते. माउंजारो या नावाने टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. सेमाग्लुटाइडची सुई वजनासाठी वेगोव्ही या नावाने जून २०२५ मध्ये, तर मधुमेहासाठी ओझेंपिक या नावाने डिसेंबर २०२५ मध्ये आली.

काही वृद्ध मंडळी विचारतात, 'हे सरड्याच्या विषाचे औषध आहे काय?' हा प्रश्न अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा आढळतो. त्याच्या विषात जीएलपी-१ शी साम्य असलेला पदार्थ डॉ. जॉन एंग यांना सापडला व १९९२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. त्यावरून बनविलेल्या औषधास २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. आजच्या सेमाग्लुटाइडात मात्र सरड्याचा अंशही नाही. ते यीस्टच्या, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाच्या, साह्याने कारखान्यात तयार होते. तेव्हा या कारणाने कोणी मनात किंतु आणू नये.

दुसरा प्रश्न आयाबहिणींचा असतो: 'आमचा मुलगा तर अंगाने किडकिडीत, मग त्याला मधुमेह कसा?' याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे उदाहरण दिले. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन सारखेच. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. परंतु तपासणीत इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली! बाहेरून सडपातळ आणि आतून स्थूल, अशी आपली घडण आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर मातांचा जो अभ्यास आरंभिला, त्यात असे दिसले की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. आपले बालक वजनाने व स्नायूंनी लहान. पण चरबी मात्र त्याने राखून ठेवलेली. जणू अन्न मिळेल की नाही या भीतीने गर्भातच संचय करून ठेवलेला!

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे. पिढ्यान् पिढ्या आपल्या शेतकरी घरांनी टंचाई सोसली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी खाल्ली व परदेशातून आलेला तांबडा मिलो दळून भाकरी केली. आमच्या वयाच्या मंडळींना त्याचे स्मरण आहे. ज्या घराने भूक पाहिली, त्या घराने पाहुण्याच्या ताटात दोन घास अधिक वाढणे यालाच माया मानले, आणि त्या काळी ते योग्यच होते. परंतु आता काळ पालटला आहे. टंचाईसाठी घडलेल्या देहात आपण विपुलतेचे अन्न भरीत आहो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. अशा स्थितीत स्थूल मनुष्यास केवळ खादाड व आळशी ठरविणे अन्यायाचे आहे. भूक ही सर्वस्वी मनोनिग्रहाची बाब नाही. तीत शरीराचा हुकूमही चालतो.

या सुईने लाभ किती होतो? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात, मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींना सेमाग्लुटाइड ६८ आठवडे दिले असता त्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले. नुसते पाणीवजा औषध टोचलेल्यांचे २.४ टक्के घटले. आहार व व्यायाम यांचे मार्गदर्शन दोन्ही गटांना होते. मधुमेह असलेल्यांचे वजन तुलनेने कमी उतरते. पण त्यांची रक्तशर्करा आटोक्यात येते. हृदयविकार असलेल्या स्थूल व्यक्तींत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचा धोकाही या औषधाने कमी झाल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. हा लाभ लहान नव्हे.

परंतु त्याच परीक्षणाची पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. आपल्याकडे 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण उगाच पडलेली नाही. साखर थोडी उतरली की आपण गोळी बंद करतो. तीच गत या सुईची करू नये. आणि तेवढ्यासाठीच, आरंभ करण्यापूर्वी खर्चाचा विचार करावा. ओझेंपिक भारतात आले तेव्हा प्रारंभीच्या मात्रेची किंमत महिन्यास सुमारे ८,८०० रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एका महिन्याच्या औषधास दीड क्विंटलहून अधिक सोयाबीन! सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर देशी कारखान्यांना ते बनविण्याची मोकळीक आहे. किंमत उतरणे इष्टच. पण वस्तू स्वस्त झाली की कोणास न विचारता घेण्याचा मोहही वाढतो, याची आठवण ठेवावी.

म्हणून काही पथ्ये सांगतो. ही सुई डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. वाशीम येथेच २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तेव्हा विचारावयास कोणी नाही ही सबब उरलेली नाही. मात्रा लहान घेऊन हळूहळू चढवावयाची असते. घाई केल्यास मळमळ, वांती, जुलाब किंवा बद्धकोष्ठ यांचा त्रास वाढतो. पोटात असह्य व न थांबणारी कळ आली तर ती स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते; तत्काळ दवाखाना गाठावा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर एकाएकी फार उतरण्याचा संभव असतो. उपासतापास करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. घराण्यात कोणास मेड्युलरी नावाचा थायरॉइडचा कर्करोग झाला असल्यास ते डॉक्टरांस आधीच सांगावे. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास भूल देणाऱ्यास या सुईची माहिती द्यावी. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून ताटात तुरीचे वरण, मूग, दूध, दही असावे आणि रोज थोडे अंगमेहनतीचे काम करावे. न उघडलेले औषध २ ते ८ अंश तपमानात, म्हणजे फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि वीजही जाते, तेव्हा औषध घरी आणण्यापूर्वीच याची सोय पाहावी.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या मंडळाच्या विद्यमाने वधूवरमेळावे भरतात. मुलीचे वजन पाहून नाक मुरडणारी मंडळी आपल्यात आहेत, आणि त्या भीतीने लग्नाआधी चार महिने गुपचूप सुई टोचून घेण्याचा विचार काही घरांत बोलला जातो. आम्ही स्पष्ट सांगतो, हे घातक आहे. गर्भधारणेच्या काळात हे औषध चालत नाही. सेमाग्लुटाइड तर मूल होऊ देण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. जी गोष्ट लपवून ठेवली, ती नववधू सासरी कोणास विचारणार? मुलीस वजनावरून हिणविणे आपण थांबविले, तर या लपवाछपवीचे मूळच नाहीसे होईल.

शेवटी पंगतीकडे येतो. आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी मधुमेहासाठी ही सुई नुकतीच सुरू केली होती. एका साखरपुड्यात त्यांना पंक्तीस बसविले. त्यांनी ताटावर आडवा हात धरला. पण आपल्याकडे आडवा हात म्हणजे नकार थोडाच! शपथा घालून, रुसून, हसून तीन जिलब्या व वाटीभर श्रीखंड त्यांच्या ताटात पडले. जठर आधीच मंदावलेले. सारी रात्र त्यांनी वांत्यांत काढली. सकाळी घरच्यांनी दोष दिला तो सुईस, आणि सुई बंद केली. काही महिन्यांत त्यांची साखर पुन्हा पूर्वस्थितीवर आली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मायेनेच हा घात केला.

यास्तव आमची सभेस विनंती आहे की, पुढील वर्षापासून मंडळाच्या कोणत्याही पंगतीत व सभासदांच्या घरच्या कार्यात आग्रह करू नये, असा ठराव आज करावा. रोडगे व्हावेत, वरण व्हावे, वांग्याची भाजीही व्हावी. अधिक मासात जावयास अनारसेही वाढावेत. अन्नाशी आमचे वैर नाही. परंतु ज्याने 'पुरे' म्हटले त्याचे 'पुरे' खरे मानावे. ताटावर आडवा धरलेला हात हाच शेवटचा शब्द समजावा. औषध आतून जे सांगू पाहते, त्यास बाहेरून आपण विरोध करू नये. आणि ज्यांना औषध परवडत नाही किंवा चालत नाही, त्यांच्याही प्रकृतीस हा नियम मानवेल. कारण त्यास सोयाबीनचा एक दाणाही खर्च होत नाही.

आमच्या पूर्वजांनी भुकेल्यास घास दिला; ती त्यांची माया होती. तृप्त झालेल्यास उठू देणे ही आपली माया असावी. सर्वांस आरोग्य लाभो अशी इच्छा करतो, आणि ठराव अध्यक्षमहाराजांच्या हाती देऊन आमचे भाषण संपवितो.