बंद पडलेल्या गाडीची साक्ष

माझी जुनी फ्युएल इंजेक्शनची गाडी तापली की मधूनच बंद पडे आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होई. गॅरेजात दोष सापडेना. पंप बदलला, प्लग बदलले. पैसे गेले, दुखणे राहिले. एकदा घाटाच्या उतारावर इंजिन गेले. ब्रेक, स्टिअरिंग जड झाले. मागे मुले बसलेली!

एक वयस्कर मेकॅनिक म्हणाले, "साहेब, बंद पडेल तेव्हाच तपासू." ते सोबत आले. स्टार्टर फिरत होता, पण आरपीएमचा काटा शून्यावरच, ठिणगीही नाही. तापलेला क्रँक सेन्सर संदेशच देत नव्हता. तो बदलला, दुखणे थांबले. तेव्हा अंदाजाने पार्ट बदलू नका. बंद पडताक्षणी काय दिसते, ते टिपा.