आधी खुडूक कोंबडीला विचारा

आम्ही भिवंडीच्या बचत गटातल्या बाया. हप्ते आणि व्याज यांवर नेहमीच बोलतो. आज थोडं मनाविषयी.

आपण सहज म्हणतो, एक मन म्हणतं माहेरी जावं, एक मन म्हणतं नको. अमेरिकेतले रिचर्ड श्वार्ट्झ कुटुंबांना समुपदेशन करायचे. १९८० च्या दशकात त्यांनी यावरच उपचारपद्धत उभी केली. मनातही एक कुटुंब नांदतं: कुणी दुखावलेलं, लपलेलं, कुणी त्याची राखण करणारं. आणि सगळ्यांचं ऐकून घेणारं एक शांत, शहाणं माणूसही आत असतं. काही समुपदेशक याला चित्रांची जोड देतात.

आमच्या एका ताईने परवानगी दिली म्हणून सांगतो. यंत्रमागाच्या कापडाचे धागे कापून ती दमायची, संध्याकाळी मुलांवर ओरडायची. एकदा लेकीवर हात उचलला आणि रात्रभर स्वतःलाच घाबरून बसली. आम्ही तिच्यासोबत समुपदेशक बाईंकडे गेलो.

बाईंनी कागद आणि खडू पुढे ठेवले. "तुमचा राग कसा दिसतो, काढा." ताईने खुडूक कोंबडी काढली, पिसं फुलवलेली. राग अंगात असतो तेव्हा आपणच राग होऊन बसतो. कागदावर उतरला की त्याच्याशी बोलता येतं. बाईंनी विचारलं, "ही टोचली नाही तर काय होईल, अशी भीती आहे तिला?" ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पुन्हा कुणीतरी आम्हाला घराबाहेर काढील." लहानपणी भाडं थकलं म्हणून एका रात्री त्यांचं सामान रस्त्यावर आलं होतं.

बाई त्या दिवशी तिथेच थांबल्या. कोंबडी आपणहून उठेपर्यंत तिच्याखाली हात घालायचा नाही, म्हणाल्या. काही भेटींनंतर ताईने दुसऱ्या कागदावर बोचकं धरून बसलेली मुलगी काढली आणि तो कागद कोंबडीजवळ सरकवला.

ताई अजूनही कधी ओरडते. पण हात उचललेला नाही. लेकीची माफीही मागितली.

मैत्रिणींनो, हे गटात बसून एकमेकींवर करू नका. जुनी जखम उघडली तर सांभाळायला शिकलेलं माणूस हवं. झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. मोफत, रात्रंदिवस, मराठीतही. एकटीला धीर होत नसेल तर गटातल्या कुणाला शेजारी बसवा. कर्जासाठी एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतो, तशाच इथेही राहू.