सोन्याच्या कणांवरचा थर आणि अवरक्त वर्णपट : अध्यक्षीय भाषण

गवती चहाचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, की त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म, चपटे, त्रिकोणी कण तयार होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांचे हे काम २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पती अगदी ओळखीची. इंझोरीसारख्या गावातले परसू असो की पुण्यातल्या गॅलरीतली कुंडी, वास तोच. तो मुख्यतः सिट्रल या अल्डिहाइडचा. मात्र काढ्यातले नेमके काय सोन्याला बिलगून राहिले, हे द्रावणाच्या रंगावरून ओळखता येत नाही. ते सांगतो अवरक्त वर्णपट.

धातूचे कलिल टिकते ते कणांवर अधिशोषित झालेल्या थरामुळे. हा थर गेला, की कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. कण जितका लहान तितका पृष्ठभागाचा वाटा मोठा : दोन नॅनोमीटरच्या कणात जवळपास निम्मे अणू पृष्ठावरच असतात. त्यावर बसलेल्या रेणूंचे बंध ठरावीक कंपनांनी थरथरतात आणि त्याच तरंगसंख्येचे अवरक्त किरण शोषतात. रेणू धातूशी जोडला गेला, की वर्णपटातली त्याची पट्टी सरकते. कधी ती नाहीशीच होते.

नाहीशी होणारी पट्टी पुष्कळदा अधिक बोलकी असते. थायॉलमधील गंधक-हायड्रोजन बंधाची पट्टी दर सेंटिमीटर २५५०च्या आसपास येते. सोन्यावर बसल्यावर ती दिसत नाही, कारण हायड्रोजन सोडून गंधक थेट सोन्याशी बांधला जातो. सरकणाऱ्या पट्टीचे नमुनेदार उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचे. मोकळ्या रेणूची पट्टी २१४३ला असते. प्लॅटिनमच्या एका अणूवर तो उभा राहिला तर ती २१०० ते २०००च्या दरम्यान येते, दोन अणूंवर पूल टाकून बसला तर १९००च्याही खाली. धातूचे इलेक्ट्रॉन रेणूच्या प्रतिबंधी कक्षकात शिरतात आणि कार्बन-ऑक्सिजन बंध सैल करतात, हे त्याचे कारण. म्हणून हा विषारी वायू पृष्ठभागाची चाचपणी करणारा उत्तम हेर ठरतो.

खरी अडचण पाण्याची. पाणी ३४०० आणि १६४० या दोन्ही ठिकाणी जोरदार शोषण करते आणि प्रथिनांची महत्त्वाची पट्टीही १६५०च्या जवळच पडते. शिवाय नमुना ज्यात मिसळून दाबतात ती पोटॅशियम ब्रोमाइडची टिकलीही हवेतला ओलावा ओढते. तुळस, कडुनिंब, जे हाती लागेल त्या पाल्यापासून नॅनोकण बनवणाऱ्या प्रबंधांत १६४०ची पट्टी बिनदिक्कत ‘प्रथिनाची’ म्हणून नोंदवली जाते. तिथे पुष्कळदा दिसते ते केवळ ओल असते. निव्वळ काढ्याचा वर्णपट शेजारी ठेवल्याशिवाय अशा नोंदीला अर्थ नाही.

दुसरी अडचण धुण्याची. अपकेंद्री यंत्रात कण खाली बसवून वरचे द्रावण काढून टाकले नाही, तर मोकळे रेणूही अधिशोषित भासतात. फार धुतले तर थरच निघतो आणि तांबडे कलिल जांभळे पडते. त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर वर्णपट घ्यायचा. मोकळ्या रेणूंच्या पट्ट्या ओसरत जातात, बांधलेल्यांच्या टिकतात. थरात रेणू किती आहेत, हे मात्र पट्टीच्या उंचीवरून काढू नये, कारण धातूच्या सान्निध्यात तीव्रता बदलते. त्यासाठी वाळवलेले कण तापवून वजनातली घट मोजतात.